इंजिन थांबलं म्हणजे विमान कोसळलं?

‘एकच इंजिन, ते बंद पडलं की विमान दगडासारखं खाली,’ हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे. विमानाला उचलून धरतात ते पंख. इंजिन थांबलं की वैमानिक नाक किंचित खाली करून वेग राखतो आणि विमान तरंगत उतरू लागतं. सेसना १७२ सारखं विमान १,५०० मीटर उंचीवरून, वारा नसेल तर, साधारण १३ किलोमीटर जातं. मोकळी जागा शोधायला हा अवधी फार मोलाचा!

सिरस एसआर२२ मध्ये तर अख्ख्या विमानासाठी पॅराशूट असतं. छतातली मूठ ओढली की रॉकेट ते बाहेर खेचतं. मात्र पुरेशी उंची हवी.

खरा धोका घाबरून नाक वर ओढण्यात आहे. वेग घटतो, पंखांवरचा हवेचा प्रवाह तुटतो, आणि तेव्हा विमान खरंच पडतं.