दिसणं आणि बघणं: इंग्रजीतल्या 'सी' आणि 'लुक'ला कोणतं क्रियाविशेषण चालतं?

डोळ्यांच्या डॉक्टरांकडच्या अंधाऱ्या खोलीत दोन क्रियापदं आलटून पालटून ऐकू येतात. "समोर बघा. आता वर बघा." मग भिंग बदलून, "आता दिसतंय? आधीपेक्षा स्पष्ट, की तसंच?" बघणं आपल्या हातात असतं, दिसणं नसतं. हर्मान स्नेलेन या डच नेत्रतज्ज्ञाने १८६२ साली तयार केलेला तो अक्षरांचा तक्ता कितीही निरखून बघा, शेवटची ओळ दिसायची नसेल तर नाहीच दिसत.

इंग्रजीत 'लुक' म्हणजे बघणं आणि 'सी' म्हणजे दिसणं. शाळेत मात्र दोन्हींपुढे 'पाहणे' असा एकच अर्थ लिहून दिला गेला, आणि घोळ तिथेच सुरू झाला. 'आय लुक्ड, बट आय कुडन्ट सी इट' हे वाक्य मराठीत आणा: बघितलं, पण दिसलं नाही. 'पाहणे' दोन्हीकडे घालून बघा, वाक्याचा अर्थच उडून जातो.

क्रियाविशेषणांचं कोडंही इथेच सुटतं, आणि त्यासाठी इंग्रजी व्याकरणाचं पुस्तक उघडावं लागत नाही. 'मी निरखून बघितलं' असं आपण म्हणतो, 'मला निरखून दिसलं' असं कुणी म्हणत नाही. 'पुसट दिसलं' चालतं, 'पुसट बघितलं' कानाला खटकतं. टक लावून, रोखून, चोरून, वळून वळून, डोळे फाडून हे सगळं माणूस करतो, म्हणून ते बघण्याला लागतं. लख्ख, अंधुक, पुसट, अर्धवट हे माणसाच्या बाबतीत घडतं, म्हणून ते दिसण्याला लागतं. शंका आलीच तर 'मुद्दाम' लावून पाहा: मुद्दाम बघता येतं, मुद्दाम दिसत नाही.

इंग्रजी बरोबर याच रेषेवर चालते. 'लुक'बरोबर केअरफुली, क्लोजली, इंटेंटली, नर्व्हसली, डेलिबरेटली येतात, म्हणजे ज्यात माणसाचा हेतू किंवा मनःस्थिती आहे ती. 'सी'बरोबर क्लिअरली, डिमली, बेअरली येतात, म्हणजे दृश्य किती पोहोचलं याचं माप.

तरीही ऑफिसात रोज 'प्लीज सी धिस केअरफुली' ऐकू येतं. यात खरा गुन्हेगार आपला 'नीट' आहे. 'नीट बघ' आणि 'नीट दिसत नाही', दोन्हीकडे तो बिनदिक्कत चालतो, त्यामुळे फरक आपल्याला जाणवत नाही. इंग्रजीत पहिला 'नीट' म्हणजे 'लुक केअरफुली' आणि दुसरा म्हणजे 'कान्ट सी प्रॉपर्ली' किंवा 'क्लिअरली'. 'जवळून'चंही असंच. 'मी त्या नटाला जवळून पाहिलंय' याचं आपण 'आय हॅव सीन हिम क्लोजली' करतो. पण नजरेच्या क्रियापदांबरोबर 'क्लोजली' म्हणजे अंतराने जवळ नव्हे, बारकाईने. अंतर सांगायचं तर 'आय हॅव सीन हिम अप क्लोज'.

'हार्ड' आणि 'हार्डली' ही जोडी तर मुद्दाम फसवायला ठेवल्यासारखी आहे. 'लुक हार्ड' म्हणजे कसून, डोळे ताणून बघणं. 'कॅन हार्डली सी' म्हणजे जेमतेम दिसणं, जवळपास न दिसणं. 'ही हार्डली लुक्ड ॲट मी' म्हणजे त्याने माझ्याकडे धड बघितलंसुद्धा नाही. 'मी कसून बघितलं' म्हणायला कुणी 'आय हार्डली लुक्ड' म्हणाला, तर त्याने नेमकं उलटं कबूल केलं!

जागेनेही अर्थ हलतो. 'ही सॉ मी क्लिअरली' म्हणजे त्याला मी स्पष्ट दिसलो. 'ही क्लिअरली सॉ मी' म्हणजे बहुतेक वेळा वेगळंच: त्याने मला पाहिलं हे उघड आहे, आता नाही म्हणू नये. पहिल्यात 'क्लिअरली' नजरेबद्दल बोलतं, दुसऱ्यात बोलणाऱ्याच्या खात्रीबद्दल. मराठीत आपण 'स्पष्ट' आणि 'उघडच' असे वेगळे शब्द वापरून मोकळे होतो, इंग्रजी तेच काम शब्द सरकवून करते.

आतापर्यंत हिशेब सरळ होता. गंमत आहे ती 'लुक'च्या दुसऱ्या संसारात. ओके व्हीबर्ग या स्वीडिश भाषाशास्त्रज्ञाने १९८३ साली अनेक भाषांतली इंद्रियांची क्रियापदं शेजारी ठेवून तीन खण पाडले: माणूस मुद्दाम करतो ते, माणसाला जाणवतं ते, आणि वस्तू कशी भासते ते. नजरेच्या बाबतीत इंग्रजी पहिल्या आणि तिसऱ्या खणात 'लुक' ठेवते, मधल्यात 'सी'. मराठीत पहिल्या खणात 'बघणं', आणि उरलेल्या दोन्हींत 'दिसणं'. म्हणजे 'मला डोंगर दिसतो' आणि 'डोंगर हिरवा दिसतो' यांना आपल्याकडे एकच क्रियापद, तर 'डोंगराकडे बघितलं' आणि 'डोंगर हिरवा दिसतो' यांना इंग्रजीत एकच. दोन भाषांनी भिंत वेगवेगळ्या जागी घातली आहे, आणि आपण धडकतो ते तिथेच.

म्हणून 'शी लुक्ड अँग्रिली ॲट हिम' आणि 'शी लुक्ड अँग्री' यांत एवढा फरक पडतो. पहिल्यात ती रागाने बघते, तिथे क्रियाविशेषण. दुसऱ्यात ती रागावलेली दिसते. इथे तिने कुणाकडे बघितलेलंच नाही, तेव्हा विशेषण. आपला 'छान' 'छान गाते' आणि 'छान दिसते' दोन्हीकडे तसाच राहतो, म्हणून 'यू लुक ब्यूटिफुली' असं कौतुक तोंडातून निसटतं. 'ब्यूटिफुल' म्हणा. 'यू लुक वेल' मात्र चूक नाही, फक्त ते रूपाबद्दल नाही. तिथे 'वेल' हेही विशेषणच, अर्थ तब्येत ठीक असणं. लग्नात नवरीला ते म्हणाल तर ती आजारातून उठली की काय असं वाटेल. तिच्यासाठी 'गुड' किंवा त्याहून वरचं काहीतरी काढा.

जाता जाता एक धोक्याची सूचना. 'मला कुणीतरी दिसतंय' याचं 'आय ॲम सीइंग समवन' करू नका; त्याचा अर्थ माझं कुणाशी तरी जमलंय. दारात कोण उभं आहे ते सांगायचं असेल तर 'आय कॅन सी समवन'. 'सी' दिसण्याच्या अर्थाने सहसा चालू काळात जात नाही, त्याच्या मदतीला 'कॅन' येतो.

शेवटी क्रियाविशेषणांच्या सोसाबद्दल. आपल्याकडे न्याहाळणं, डोकावणं अशी मोजकी क्रियापदं सोडली तर बघण्याची तऱ्हा बाहेरून जोडावी लागते. इंग्रजीत ती पुष्कळदा क्रियापदाच्या पोटातच असते. 'स्टेअर'मध्ये टक लावणं आलंच, 'ग्लान्स'मध्ये ओझरतेपण. तरी आपण 'लुक्ड फिक्सेडली' वगैरे जड वाक्यं रचतो. आणि घरगुती बोलण्यात इंग्रज स्वतः क्रियाविशेषण टाळून 'लुक'चं नामच करून टाकतो. पटकन बघ म्हणायला 'लुक क्विकली'पेक्षा 'टेक अ क्विक लुक' सहज येतं; नीट बघून घे म्हणायला 'हॅव अ गुड लुक'. तिथला डॉक्टर हातात बॅटरी घेतो तेव्हाही 'लेट्स हॅव अ लुक' एवढंच म्हणतो, आणि मग विचारतो तो 'सी'चाच प्रश्न.