हलका नांगर धरतो, पण वळतो का?

शिडाच्या बोटीवर नांगराचा विषय निघाला की एकजण हमखास म्हणतो, “सात किलोचा नांगर? तो काय धरणार!” मग दुसरा, नुकतेच चार व्हिडिओ बघून आलेला, उसळतो, “चाचण्यांत तोच पहिला येतो, तुमचं जड लोखंड भंगारात घाला.” दोघंही चुकतात, आणि गंमत म्हणजे एकाच ठिकाणी चुकतात.

वजनाचं आधी उरकतो. रोक्नासारखा फावड्याच्या घाटाचा पोलादी नांगर तुम्ही पाहिलाही असेल. चाळीस फुटी बोटीला तो साधारण 20 किलोचा लागतो. त्याच बोटीला फोर्ट्रेस कंपनीचा एफएक्स-23 चालतो, तो जेमतेम 7 किलोचा. अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची दोन सपाट पाती आणि त्यांच्यामध्ये बिजागरीवर हलणारा दांडा. डॅनफोर्थ या जुन्या सपाट पात्यांच्या नांगराचाच भाऊबंद, पण नटबोल्ट खोलून पिशवीत मावणारा. पकड येते ती रुतलेल्या पात्याच्या क्षेत्रफळातून आणि ते किती खोल गेलंय त्यावरून. तळ नांगरत जाणारा नांगर शेतातच शोभतो.

खरा घोटाळा पुढे आहे. ‘किती ओढ सोसतो’ हा एक प्रश्न आणि ‘ओढीची दिशा फिरल्यावर काय करतो’ हा अगदी दुसरा. चाचण्यांचे बहुतेक आकडे पहिल्याचं उत्तर देतात: एका रेषेत ओढलं, काटा वाचला, झालं. मुंबई बंदरात किंवा कोकणातल्या कुठल्याही खाडीच्या तोंडाशी दर सहा तासांनी पाणी उलटं फिरतं. बोट नांगराच्या डोक्यावरून पलीकडे जाते आणि त्याला मागून उपटते.

मांडव्याच्या अलीकडे आम्ही एकदा असाच एकट्या फोर्ट्रेसवर विसावलो होतो, अमावस्येच्या उधाणाला. ओहोटीभर बोट खिळ्यासारखी उभी. पहाटे भरती लागली आणि किनाऱ्यावरचे दिवे हळूहळू सरकू लागले. नांगर वर घेतला तर दांडा आणि पात्यांच्या फटीत चिकट गाळाचा मुटका, आत एक कालवाचं शिंपलं पाचर मारल्यासारखं. पाती एका बाजूला जाम. उलटा पडल्यावर ती खाली झुकायलाच हवीत, तेव्हाच टोक घुसणार. इथे ती आभाळाकडे तोंड करून तळावरून घसरत आली होती.

फावड्याच्या नांगराला हलणारा सांधाच नाही. तो बहुतेक वेळा जमिनीतच वळतो, आणि सुटला तरी टोकावरच्या भाराने पुन्हा घुसतो. किलो कामाला येतात ते इथे, धरण्यात नव्हे. स्पेड या फावड्याच्याच घाटाच्या नांगराचा अ‍ॅल्युमिनियमचा प्रकार मधला मार्ग वाटतो: सांधा नाही, वजनही नाही. पण टणक तळावर टोक घुसवायला लागणारा भार त्यात कमी पडतो.

फोर्ट्रेसच्या पात्यांचा कोन बदलता येतो: वाळूला 32 अंश, मऊ गाळाला 45. बरेचजण पेटीतून काढला तसा 32 वरच ठेवतात, आपल्या खाड्यांच्या लोण्यासारख्या गाळात टाकतात आणि नांगराच्या नावाने बोटं मोडतात. उलट 45 वर ठेवून घट्ट वाळूत टाकलात तर टोक धड चावतच नाही. खडकावर आणि शेवाळात दोन्ही कोन सारखेच निरुपयोगी.

दोराचा हिशेब ओहोटीला करणाऱ्यांबद्दल तर बोलूच नये. ओहोटीला 4 मीटर पाणी, वर उधाणाचे साडेचार, नाळेची (बोटीच्या पुढच्या टोकाची) पाण्यापासूनची उंची 1, म्हणजे साडेनऊ. दोराची लांबी याच्या पाचपट धरली तरी सत्तेचाळीस मीटरच्या वर सोडायला हवं. तुम्ही पंचवीस सोडून झोपता.

माझ्या बोटीच्या नाळेवर पोलादी फावडंच राहणार. फोर्ट्रेस दुसरा नांगर म्हणून, आणि त्या कामाला त्याला तोड नाही. वाळूच्या दांड्यावर बोट रुतली की ती ओढून काढायला तो छोट्या होडीत घालून एकटा माणूस वल्हवत खोल पाण्यात नेऊ शकतो. 20 किलोचं धूड घेऊन बघा. फक्त फेकू नका. प्रवाहात तो पिंपळपानासारखा तरंगत जातो. हळू सोडा, तळाला टेकू द्या, मग दोर ताणा. आणि गाळात एकदा गाडला गेला की ओढून येणार नाही. बोट बरोबर त्याच्या डोक्यावर आणा, दोर आखूड बांधा आणि भरती चढेपर्यंत चहा घ्या.