ब्लो अप: फुगा फुगवायचा की पूल उडवायचा?

इंग्रजीत 'ब्लो' म्हणजे फुंकणं आणि 'अप' म्हणजे वर, मग 'ब्लो अप' म्हणजे काय, वर फुंकणं? फुगा फुगवला तरी 'ब्लो अप' आणि बॉम्ब लावून पूल उडवला तरी 'ब्लो अप', शिकणारा माणूस वैतागणारच ना.

पण यात केमिस्ट्री लपलीये. तोफेची दारू म्हणजे शोरा, गंधक आणि कोळसा, ती पेटली की क्षणात प्रचंड गरम वायू तयार होतो, त्याला पसरायला जागा हवी असते, बंद पिंपात ती नसते, मग तो पिंप फोडूनच बाहेर येतो. फुग्यातही हवाच कोंबलेली असते, फक्त तिथे आपण वेळेवर थांबतो (बहुतेक वेळा!). थोडक्यात स्फोट म्हणजे अतिघाईत केलेलं फुगवणं. भाषेतही फुगवण्याचा अर्थ आधी आला, दारूने उडवण्याचा नंतर, सोळाव्या शतकाच्या शेवटाकडे. 1605 मध्ये संसद उडवण्याच्या कटातला गाय फॉक्स लंडनच्या संसदेखाली दारूची 36 पिंपं घेऊन पकडला गेला तेव्हा हा अर्थ तसा नवाच होता.

आता 'अप'. स्फोटाचा जोर सगळीकडे जातो पण खाली जमीन असते, त्यामुळे तुकडे वर उडताना दिसतात, मराठीतही आपण पूल 'उडवतो'च की. पण 'अप' दरवेळी दिशा सांगत नाही. 'ईट अप', 'बर्न अप', 'यूज अप' यात वर काहीच जात नाही, काम पूर्ण झालं, काही उरलं नाही, एवढंच ते सांगतं. आपल्याकडे हे काम 'टाकणे' करतं: खाऊन टाक, जाळून टाक. खाऊन झाल्यावर आपण काय फेकतो? काहीच नाही, आणि ते आपल्याला विचित्रही वाटत नाही.

मेंदूही अशी जोडी एकच शब्द म्हणून साठवत असावा. 2010 मध्ये कापेल, श्टिरोव्ह आणि पुलव्हरम्युलर या संशोधकांनी एमईजी हे तंत्र वापरून मेंदूतले चुंबकीय सिग्नल मोजले. 'हीट अप' या खऱ्या जोडीला 'कूल अप' या बनावट जोडीपेक्षा जास्त मोठा प्रतिसाद मिळाला, आणि असा फरक खरा शब्द आणि निरर्थक शब्द ऐकवल्यावर दिसतो. गंमत म्हणजे हा 'एक शब्द' मधोमध तुटतोसुद्धा, 'ब्लो द ब्रिज अप' चालतं, आणि 'इट' (म्हणजे 'ते') हे सर्वनाम आलं तर तोडावाच लागतो, 'ब्लो इट अप', 'ब्लो अप इट' म्हणालात तर चूक.

बाकी फोटो मोठा करणं, रागाने भडकणं, रातोरात व्हायरल होणं, सगळ्याला हेच. 'माय फोन इज ब्लोइंग अप' म्हणजे सहसा मेसेजेसचा पाऊस पडतोय. पण लिथियम बॅटरी बिघडली की आत गॅस तयार होऊन ती आधी फुगते आणि कधीकधी मग पेटते, फुटते, तेव्हा मात्र हेच वाक्य दोन्ही जुन्या अर्थांनी एकदम खरं ठरतं.