शाका झुलूने नक्की काय बदललं? थोडी पार्श्वभूमी

शाका झुलू म्हणजे 19व्या शतकाच्या सुरुवातीचा दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू लोकांचा राजा. त्याचं नाव निघालं की लोकांना दोन गोष्टी आठवतात, आखूड भाला आणि शिंगांचा व्यूह. दोन्ही खऱ्या आहेत, पण माझ्या मते त्याचं मोठं काम वेगळंच आहे आणि ते कळायला त्याच्या आधीची तीस-चाळीस वर्षं बघावी लागतात.

जागा म्हणजे आजच्या दक्षिण आफ्रिकेतला क्वाझुलू-नाताल, एका बाजूला ड्रेकेन्सबर्गचे डोंगर आणि दुसऱ्या बाजूला हिंदी महासागर. 18व्या शतकाच्या शेवटी इथे लहान लहान टोळ्या होत्या, गुरं हीच संपत्ती, लग्नात मुलीच्या बापाला द्यायची तीही गुरंच. उत्तरेला डेलागोआच्या उपसागरात, म्हणजे आजच्या मापुटोजवळ, युरोपीय जहाजांशी हस्तिदंताचा आणि गुरांचा व्यापार वाढला, ज्या सरदाराच्या हातात तो व्यापार तो मोठा व्हायला लागला, आणि त्यात 19व्या शतकाच्या सुरुवातीला दुष्काळ पडला, मग कुरणांसाठी आणि पाण्यासाठी मारामाऱ्या आल्याच. यातून मोठ्या झालेल्यांपैकी दोन सत्ता इथे महत्त्वाच्या, डिंगिस्वायोचे म्थेथ्वा आणि झ्विडेचे न्द्वान्द्वे. झुलू तेव्हा म्थेथ्वांच्या छायेखालची एक किरकोळ टोळी होती.

एकाच वयाच्या पोरांची पलटण करायची, तिला 'इबुथो' म्हणतात आणि अनेकवचनात 'अमाबुथो', ही पद्धत शाकाच्या आधीची आहे. पूर्वी त्या वयाची पोरं सुंतेच्या विधीसाठी एकत्र यायची, सरदारांनी हळूहळू विधी बंद केला आणि त्याच गटांना हत्तीच्या शिकारीला आणि लढाईला जुंपलं. शाका स्वतः डिंगिस्वायोच्या अशाच एका पलटणीत लढून वर आला. म्हणजे शाकाने सगळं शून्यातून उभं केलं असं जे सांगतात ते चुकीचं आहे, ते सांगताना डिंगिस्वायोला पुसून टाकलं जातं.

शाकाचा जन्म साधारण 1787चा. बाप सेंझांगाखोना झुलूंचा सरदार, आई नांदी लांगेनी टोळीची, पण दोघांचं पटलं नाही आणि नांदी पोराला घेऊन बाहेर पडली, आधी माहेरी आणि मग म्थेथ्वांकडे. 1816च्या सुमारास बाप गेला तेव्हा डिंगिस्वायोच्या पाठिंब्यावर शाकाने सावत्रभावाला बाजूला करून गादी घेतली. एक-दोन वर्षांतच झ्विडेने डिंगिस्वायोला पकडून मारलं, आणि ती पोकळी शाकाने भरून काढली. पुढे म्ह्लाथुझे नदीच्या भागात न्द्वान्द्वेंचा कणा मोडला. त्यांच्यातले सोशांगाने आणि झ्वांगेंडाबा आपापली माणसं घेऊन उत्तरेला गेले, झ्वांगेंडाबाचे वंशज आज मलावी-टांझानियापर्यंत सापडतात.

आता सुधारणा. लांबून फेकायच्या भाल्यापेक्षा जवळ जाऊन भोसकायच्या आखूड, रुंद पात्याच्या भाल्यावर, म्हणजे 'इक्ल्वा'वर भर आणि सोबत मोठी चामड्याची ढाल. व्यूहात मधे 'छाती' समोरून भिडते, दोन्ही बाजूंनी तरुण पलटणींची 'शिंगं' पळत जाऊन शत्रूला वेढतात आणि मागे राखीव फौज थांबते. हे जमायला प्रचंड सराव आणि शिस्त लागते, आणि असा सराव तेव्हाच होतो जेव्हा माणसं वर्षभर राजाच्या ताब्यात असतात. खरी गोष्ट इथे आहे. शाकाने या पलटणी राजाच्या लष्करी वसाहतींमध्ये, 'अमाखांडा'मध्ये ठेवल्या, गुरं राजाची, ढालींचं कातडं त्याच गुरांचं आणि म्हणून ढालीही राजाच्या. वसाहतींवर देखरेखीला राजघराण्यातल्या बायका, त्यात शाकाची आत्या म्काबायी फार वजनदार.

आणि लग्न राजाच्या परवानगीशिवाय नाही! पुरुषांना ती परवानगी बरेचदा पस्तिशी-चाळिशीला मिळायची, मुलींचेही वयानुसार गट असायचे आणि अख्ख्या गटाला एकदम परवानगी द्यायची. लग्न झालं की माणूस वेगळं घर करतो, स्वतःची गुरं, स्वतःची शेती बघतो, म्हणून लग्न लांबवलं की त्याचे कष्ट राजाकडेच राहतात आणि बापाचा, टोळीच्या म्हाताऱ्यांचा त्याच्यावरचा हक्क कमी होतो. वेगवेगळ्या टोळ्यांची पोरं एका पलटणीत वाढली आणि स्वतःला झुलू म्हणायला लागली, हे एकट्या भाल्याने कधीच झालं नसतं.

क्रौर्य होतंच, ते झाकायचं कारण नाही. 1827मध्ये नांदी वारली त्यानंतर शोकाच्या नावाखाली बरीच माणसं मारली गेली. पण रक्तपिपासू राक्षस हे जे चित्र आहे ते मुख्यतः फिन आणि आयझॅक्स या नातालमधल्या इंग्रज व्यापाऱ्यांच्या लिखाणातून आलंय, फिनची मूळ डायरी गेली आणि त्याने ती नंतर आठवणीतून लिहिली, तर आयझॅक्सने फिनला पत्रात सरळ सल्ला दिला होता की झुलू राजांना जमेल तितकं रक्तपिपासू रंगव. दोघांचाही त्या जमिनीत स्वार्थ होता, हे लक्षात ठेवूनच वाचावं.

सप्टेंबर 1828मध्ये डिंगाने आणि म्ह्लांगाना या सावत्रभावांनी म्बोफा या सेवकाला हाताशी धरून शाकाचा खून केला. राज्य मात्र टिकलं. 22 जानेवारी 1879ला इसांडल्वानाला याच शिंगांच्या व्यूहाने इंग्रजांची छावणी कापून काढली. जुलैमध्ये उलुंडीला झुलू हरले तेव्हा इंग्रजांनी राज्याचे 13 तुकडे केले, अमाबुथो बंद केले आणि नव्या सरदारांना अट घातली की पुरुषांना हवं तेव्हा लग्न करू द्यायचं.