तांबड्या रश्श्याच्या आधीचं कोल्हापूर

आषाढातल्या मंगळवारी आणि शुक्रवारी कोल्हापूरच्या पेठांमधून पी-ढबाक वाजायला लागतं. पंचगंगेला नवं पाणी आलेलं असतं. ते कळशांत भरून मुली-बायका डोक्यावर घेतात आणि मिरवणूक टेंबलाईच्या, म्हणजे त्र्यंबोलीच्या टेकडीकडे निघते. देवीच्या पायरीवर पाणी ओतायचं, नैवेद्य दाखवायचा आणि परत आल्यावर गल्लीत पंगत. वर्गणी काढून आणलेलं मटण, भाकरी, आणि चुलीवरची दोन मोठी पातेली: एक तांबड्याचं, एक पांढऱ्याचं.

आषाढात मटण का आणि श्रावणात बंद का, याची ‘शास्त्रीय कारणं’ दरवर्षी मोबाइलवर फिरतात. त्यातली बरीचशी मागाहून जोडलेली वाटतात. प्रत्येक रूढीच्या पोटात विज्ञान दडलेलं असतंच, असं मानायचं कारण नाही. मात्र पंगतीला एक साधं, रोखठोक कारण आहे. एका बोकडाचं मटण 10-12 किलो भरतं. घरोघरी फ्रीज येण्याआधी ते एका घराला संपणं अशक्य होतं. अनुकूल उष्णता आणि ओल मिळाली तर काही जिवाणूंची संख्या 20 ते 30 मिनिटांत दुप्पट होते. पावसाळ्यात मांस उन्हात वाळवण्याचीही सोय नसते. मग एकच मार्ग उरतो: वाटे घालायचे, नाहीतर सगळ्यांनी मिळून त्याच दिवशी खायचं. रस्सा पातळ असण्याचा फायदाही इथेच कळतो. वाट्याला चार फोडी आल्या तरी वाटीभर रस्सा प्रत्येकाला पुरतो, आणि हाडांमधली चव, चरबी नि जिलेटिन त्यात उतरलेलं असतं.

या दोन रश्श्यांचं वय सारखं नाही. तांबड्याचा प्राण असलेली मिरची इथली नव्हेच. तिची लागवड हजारो वर्षांपूर्वी मेक्सिकोच्या बाजूला सुरू झाली. कोलंबस 1492 मध्ये अमेरिकेला पोचला, वास्को द गामा 1498 मध्ये कालिकतला, आणि 1510 मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला. मिरची भारतात आली ती त्यांच्याच जहाजांतून, सोळाव्या शतकात. म्हणजे अंबाबाईचं देऊळ उभं राहिलं तेव्हा, किंवा शिलाहार राजे या भागावर राज्य करत होते तेव्हा, पंचगंगेच्या काठी कुणी मिरची पाहिलेलीही नव्हती. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ सिद्ध केला. त्यात मांडे आहेत, वडे आहेत, डोसा आणि इडलीचे पूर्वज आहेत, मांसाचे कितीतरी प्रकार आहेत. तिखटपणासाठी मात्र मिरे आणि आलं.

पांढऱ्या रश्श्याची सामग्री बघितली की मला तो काळ आठवतो. मिरे, लवंग, दालचिनी, आलं-लसूण, खसखस, तीळ, नारळाचं दूध. मिरे सह्याद्रीच्या दक्षिण टोकाचे, नारळ घाटाखालच्या कोकणातला. गगनबावडा किंवा फोंडा घाट उतरलं की माडाच्या बागा लागतात; देशावरच्या शहराला नारळाची एवढी सवय कशी, याचं उत्तर त्या घाटवाटांत आहे. काही घरांत पांढऱ्यात काजूही वाटून घालतात, आणि काजू मूळचा ब्राझीलचा, तोही पोर्तुगीजांनीच आणलेला. तेव्हा पांढराही अगदी ‘शुद्ध देशी’ नाही. तसा हट्ट धरायची गरजही नाही.

तांबडा आणि पांढरा आपल्या शरीरात एकाच दारावर थाप मारतात. जिभेतल्या आणि तोंडातल्या चेतातंतूंच्या टोकांवर टीआरपीव्ही-1 नावाचं एक प्रथिन असतं. साधारण 43 अंश सेल्सिअसच्या वर तापमान गेलं की ते उघडतं आणि मेंदूला ‘भाजतंय’ असा निरोप जातो. मिरचीतलं कॅप्सेसिन त्याला चिकटलं की तापमान न वाढताही ते उघडतं. म्हणून तिखट ही चव नव्हे, ती भाजल्याची जाणीव आहे. घाम येतो तोही शरीर स्वतःला थंड करू पाहतं म्हणून. डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने 1997 मध्ये हे प्रथिन शोधलं आणि त्यांना 2021 च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला. मिऱ्यांमधलं पायपरीनही हेच प्रथिन उघडतं, पण बऱ्याच सौम्यपणे. मिऱ्याची सवय असलेल्या जिभांनी मिरचीला इतक्या लवकर घरात का घेतलं, हे यावरून उमगतं. जाणीव ओळखीचीच होती, फक्त कितीतरी जास्त जोरकस. शिवाय मिरची परसात उगवते. मिऱ्याचा वेल देशावरच्या कोरड्या हवेत येत नाही.

कोल्हापुरात उन्हाळ्यात वर्षाची चटणी होते. मिरच्या वाळवायच्या, देठं खुडायची, कांदा-खोबरं-लसूण आणि गरम मसाला तेलात भाजायचा आणि सगळं डंकावर कुटून आणायचं. जाणत्या बायका एकाच जातीची मिरची घेत नाहीत. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी किंवा लवंगी. यामागे पक्कं रसायनशास्त्र आहे. तांबडा रंग मुख्यतः कॅप्सँथिनचा, तो मिरचीच्या सालीत असतो. तिखटपणा कॅप्सेसिनचा, तो आतल्या ज्या पांढऱ्या शिरेला बिया चिकटलेल्या असतात तिच्यात तयार होतो. (बियांमध्ये तिखट असतं हा समज चुकीचा आहे, शिरेला लागून असल्यामुळे त्यांना ते माखतं.) ब्याडगीत रंग भरपूर आणि तिखट कमी. म्हणून रश्श्याचा रंग बघून तो किती तिखट असेल, हे ठरवू नये.

रंग आणि तिखट, दोन्ही तेलात विरघळतात, पाण्यात जवळपास नाही. तांबड्यावर येणारा कट म्हणजे ही दोन्ही द्रव्यं घेऊन वर आलेलं तेल. तेल कडकडीत तापलेलं असताना चटणी टाकली तर रंग जळून काळपट होतो आणि कडवट वास येतो. म्हणून आच कमी करून चटणी घालतात आणि लगेच मटणाच्या अळणी पाण्याचा हबका देतात.

पांढऱ्याला याहून जास्त जपावं लागतं. नारळाचं दूध म्हणजे पाण्यात तरंगणारे चरबीचे बारीक थेंब. त्यांच्याभोवतीचं प्रथिनांचं पातळ वेष्टण त्यांना एकमेकांपासून लांब ठेवतं. साधारण 80 अंशांच्या पुढे ती प्रथिनं गोठू लागतात, थेंब एकत्र येतात आणि रस्सा फाटतो. त्यामुळे दूध शेवटी घालायचं, पळी सतत हलवत राहायची आणि खळखळून उकळी येऊ द्यायची नाही. अळणी पाण्यातलं जिलेटिन आणि वाटलेली खसखसही थेंबांना धरून ठेवायला मदत करतात. पंगतीत तांबड्यानंतर पांढरा ओरपला की तोंड जरा शांत होतं, कारण नारळाची चरबी जिभेवरचं कॅप्सेसिन स्वतःत विरघळवून घेते.

सणाच्या ताटात सगळं जुनंच असतं असं आपण धरून चालतो. नवरात्रात तो समज पार मोडतो. नऊ दिवसांच्या उपवासाचं ताट बघा. बटाटा अँडीज पर्वतातला. रताळं, शेंगदाणे, मिरची अमेरिकेतली. साबुदाणा ज्या कंदापासून बनतो तो कसावा दक्षिण अमेरिकेतला, आणि तमिळनाडूतल्या सेलमला साबुदाण्याचे कारखाने उभे राहिले ते 1940 च्या दशकात. म्हणजे ज्या खिचडीला आपण सर्वांत सोवळी मानतो, तिच्यातले निम्म्याहून जास्त जिन्नस शिलाहारांच्या काळातल्या पुजाऱ्याने ओळखलेही नसते. त्याला ओळखू आली असती ती वरी. नवा पदार्थ उपवासाला चालण्यामागे मला एकच तर्क पटतो. निषिद्ध धान्यांची यादी जुनी होती. जे बाहेरून आलं त्याचं नाव त्या यादीत असणार कसं?

गुळाचं मात्र तसं नाही. तो खरोखर जुना आहे आणि कोल्हापूरची ओळख अजूनही त्याच्यावर उभी आहे. राजर्षी शाहू महाराजांनी 1895 मध्ये शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली आणि गूळ हा तिचा कणा ठरला. कोल्हापुरी गुळाला 2014 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. गुऱ्हाळावर काहिलीखाली उसाची वाळलेली चिपाडं जळत असतात. रस तापू लागला की त्यात रानभेंडीच्या खोडाचा चिकट रस घालतात. त्या चिकटपणात रसातला गाळ अडकतो आणि मळी होऊन वर येतो, ती झाऱ्याने काढून टाकायची. रस आंबट असेल तर तापताना साखरेचे रेणू तुटतात आणि गूळ घट्ट होत नाही. म्हणून बेताचा चुना. पाक 115 ते 120 अंशांच्या दरम्यान पोचला की गुळव्या थोडा पाक गार पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळते का पाहतो. थर्मामीटर नसतानाही हा अंदाज दोन-चार अंशांच्या आत बसतो, कारण पाकात किती पाणी उरलंय हे त्या गोळीचा घट्टपणाच सांगतो.

एक तळमळीने सांगावंसं वाटतं. पिवळाधमक गूळ मागू नका. उसाचा रस तापला की त्यात तपकिरी रंग येणारच. तो साखर आणि अमिनो आम्लं यांच्या अभिक्रियेचा आणि रसातल्या इतर द्रव्यांचा रंग असतो. तो घालवायला हायड्रोस नावाची पावडर टाकतात, आणि गुळात गंधकाची संयुगं मागे राहतात. गिऱ्हाइकाने रंगाचा हट्ट सोडला तर गुळव्यालाही ती पावडर नको आहे.

गल्लीची पंगत गल्लीपुरती असते. अनोळखी माणसाशेजारी बसून खाण्याची सवय शहराला लावली ती हॉटेलांनी, आणि ते सहज घडलं नाही. शाहू महाराजांच्या पागेत काम करणाऱ्या गंगाराम कांबळे यांना, त्यांनी सवर्णांच्या पाण्याला हात लावला म्हणून मारहाण झाली. महाराजांनी त्यांना पैसे देऊन भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढायला लावलं, स्वतः तिथे थांबून सर्वांसमक्ष चहा घेतला आणि सोबतच्या मंडळींनाही पाजला. कोल्हापूरच्या खाद्यसंस्कृतीबद्दल बोलताना रश्श्याच्या आधी या कपाचं नाव घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.

आज सकाळी मिसळीच्या बाकड्यावर फौंड्रीतला कामगार, कॉलेजची पोरं आणि वकील खांद्याला खांदा लावून बसतात. वाटीतली मटकी कमी पावसात तगणारं इथलं जुनं कडधान्य आहे. मोड आले की तिच्यातल्या गॅस करणाऱ्या शर्करा कमी होतात, लोह शोषायला अडवणारं फायटिक आम्ल घटतं आणि कोरड्या दाण्यात नावालाच असलेलं क जीवनसत्त्व तयार होतं. वर शेव-फरसाण, कांदा, आणि त्यावर कट. सोबत पाव नव्हे, ब्रेडचे स्लाइस. ती इथली खास रीत. कट जास्त झाला आणि कानशिलं तापली की लोक पाण्याच्या ग्लासाकडे धावतात. पाण्याने कॅप्सेसिन धुऊन जात नाही, फक्त तोंडभर पसरतं. दही मागवा. त्यातलं केसीन हे प्रथिन कॅप्सेसिनला धरून जिभेवरून सोडवतं.