डायटोमाइट पावडर किड्यांना 'कापत' नाही हो

गार्डनिंगवाले वर्षानुवर्षं एकच सांगतात, की डायटोमेशियस अर्थचे (म्हणजे ह्याच डायटोमाइट पावडरचे) कण म्हणजे बारीक काचा, किडा त्यावरून गेला की पोट फाटून मरतो. ऐकायला भारी वाटतं, पण मुख्य काम तसं होतच नाही. ही पावडर म्हणजे डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळाचे सिलिकाचे सांगाडे, प्रचंड सच्छिद्र, आणि किड्याच्या अंगावर जो मेणाचा पातळ थर असतो ना, अंगातलं पाणी टिकवणारा, तोच ही पावडर शोषून घेते, मग किडा हळूहळू सुकून मरतो. थोडंफार खरचटत असेल, पण खरा मार शोषण्याचा.

ह्याच शोषकपणामुळे नोबेलने 1867 साली नायट्रोग्लिसरीन हे द्रव स्फोटक ह्यात मुरवून डायनामाइटचं पेटंट घेतलं. बिअर गाळायलाही हीच वापरतात, तिथे मात्र काम छिद्रांचं.

आता हे कळलं की वापर पण बदलतो. पावडर ओली असेपर्यंत कीड मरत नाही, त्यामुळे भर पावसात कुंडीभोवती टाकून गोगलगायी थांबतील ही आशा सोडा 😅 कोरड्या साठवलेल्या धान्यात सोंडे, टोके ह्यांच्यावर छान चालते, पण धान्य नीट वाळलेलं हवं आणि धीर हवा, मरायला काही दिवस लागतात.

आणि स्विमिंग पूलच्या फिल्टरची स्वस्त मिळते म्हणून ती आणू नका प्लीज. ती भट्टीत भाजलेली असते, त्यात क्रिस्टलाइन सिलिका बरीच, फुफ्फुसाला घातक. साधी फूड ग्रेडवाली टाकतानासुद्धा मास्क लावाच.