गाववाले टॉर्चला बॅटरी म्हणतात, ते उगाच नाही

दिवाळीत गावी गेलो तेव्हा नानांना, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांना, मोठ्या हौसेनं नवी टॉर्च दाखवली. अंगठ्याएवढी, किल्ल्यांच्या जुडग्यात मावणारी, मोबाइलच्या चार्जरवर चार्ज होणारी. "तीनशे ल्युमेनची आहे," मी म्हणालो. नानांनी ती उलटीपालटी करून पाहिली आणि विचारलं, "किती शेलची हाय ही?"

तेव्हा मी हसलो होतो. आमच्याकडे टॉर्चला बॅटरीच म्हणतात आणि तिची किंमत शेलांवर ठरते: दोन शेलची, तीन शेलची. पुढं घरी परतल्यावर अशीच एक स्वस्तातली टॉर्च तीन महिन्यांत बंद पडली म्हणून मी ती उघडली. आत नखाहून जराशी मोठी, चपटी, रुपेरी पिशवी. तिच्यावर बारीक अक्षरांत छापलेलं: ३.७ व्होल्ट, १३० एमएएच. खोक्यावर लिहिलं होतं १००० एमएएच. (उघडायची हौस आली तर त्या पिशवीला टोकदार काही लागू देऊ नका. लिथियमची पिशवी टोचली तर पेट घेऊ शकते.)

आता हिशेब करू. १३० एमएएच म्हणजे ०.१३ अँपिअर-तास. त्याला ३.७ व्होल्टनं गुणलं की ०.४८ वॉट-तास. टॉर्चजवळ एवढीच शिदोरी. ल्युमेन म्हणजे दिव्यातून सगळ्या दिशांना मिळून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. बरा पांढरा एलईडी, सर्किटमधली गळती धरून, एका वॉटमागे साधारण १०० ल्युमेन देतो. काही याहून सरस असतात, स्वस्तातले बरेच खाली. म्हणजे शिदोरी झाली ४८ ल्युमेन-तासांची. १०० ल्युमेनवर लावा, अर्ध्या तासात खडखडाट. ३०० वर लावा, जेमतेम दहा मिनिटं. ५ ल्युमेनवर मात्र साडेनऊ तास.

कीचेन टॉर्च घेताना करायचा हिशेब मुळात एवढाच, आणि तो कुठल्याही जाहिरातीला लावता येतो. ऑनलाइन दुकानांत तीनशे रुपयांच्या टॉर्चवर "१०,००० ल्युमेन" सर्रास लिहिलेलं असतं. एका वॉटमधून जास्तीत जास्त किती ल्युमेन निघू शकतात याला निसर्गानंच हद्द घातली आहे: ६८३, तेही फक्त ५५५ नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशाला. पांढरा प्रकाश त्याच्या बराच खाली राहतो. समजा तो चमत्कारी हिरवा दिवा मिळाला, तरी १०,००० ल्युमेनला साडेचौदा वॉट लागणार आणि आपली पिशवी दोन मिनिटांत रिकामी होणार. तशी ती होणारही नाही, कारण एवढा प्रवाह तिच्यातून ओढायला गेलात तर ती आधी फुगेल.

इंग्रजीतलं 'फ्लॅशलाइट' हे नावही असंच शेलच्या कुवतीवरून पडलेलं आहे. डेव्हिड मिसेल या संशोधकाच्या नळीसारख्या हातदिव्याला अमेरिकेत १८९९ साली पेटंट मिळालं. त्या काळच्या कार्बनच्या तारेला आणि जस्त-कार्बनच्या शेलांना सलग उजेड झेपत नसे. बटण दाबायचं, क्षणभर पाहायचं, सोडायचं, म्हणून फ्लॅश. पुढं टंगस्टनची तार आली, शेल सुधारले, पण खिशातला दिवा मिणमिणताच राहिला. मॅगलाइटची सॉलिटेअर नावाची, पेन्सिल शेलहून बारीक अशा एका एएए शेलवर चालणारी कीचेन टॉर्च लोक वर्षानुवर्षं कौतुकानं बाळगत होते. तिच्या बल्बचा प्रकाश होता २ ल्युमेन.

चित्र पालटलं ते निळ्या एलईडीनं. इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांनी तो साधला आणि २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. निळ्या चिपवर पिवळसर फॉस्फरचा, म्हणजे निळा प्रकाश पिऊन पिवळा सोडणाऱ्या पदार्थाचा, लेप दिला की निळा आणि पिवळा मिसळून डोळ्याला पांढरा दिसतो. बंद असताना एलईडीच्या भिंगात डोकावलात तर जो हळदीचा ठिपका दिसतो, तोच हा लेप. बल्ब बहुतेक वीज उष्णतेतच घालवायचा. एलईडी निम्म्याहून कमी वीज का होईना, पण प्रकाशात उतरवतो.

उरलेली वीज मात्र उष्णताच होते, आणि अंगठ्याएवढ्या टॉर्चला ती टाकायला जागा नसते. ३०० ल्युमेनला तीन वॉट लागतात, त्यातले दोन वॉट उष्णता म्हणून उरतात असं धरा. अंगाचं अ‍ॅल्युमिनियम दहा ग्रॅम. बाहेर काहीच उष्णता गेली नाही तर ते मिनिटाला तेरा अंशांनी तापेल. हात आणि हवा थोडी उष्णता काढून घेतात, तरी दोन-तीन मिनिटांत धरवत नाही. आणि त्याच अंगाला चिकटून ती लिथियमची पिशवी असते, जिला उष्णता मुळीच मानवत नाही. म्हणून चांगली टॉर्च मिनिटा-दोन मिनिटांत आपणहून उजेड उतरवते. लोक तक्रार करतात की टॉर्च "डाऊन" होते. जी होत नाही, तिची मला जास्त काळजी वाटते.

मग खोक्यावर "३०० ल्युमेन, १ तास २० मिनिटं" कसं लिहिलेलं असतं? आणि तेही खोटं न बोलता? याची गंमत टॉर्च मोजायच्या प्रमाणात आहे. अमेरिकेत २००९ साली एफएल-१ नावाचं मानक आलं आणि नावाजलेल्या कंपन्या आज तेच वापरतात. त्यानुसार ल्युमेन मोजतात टॉर्च लावल्यावर तीस सेकंदांनी किंवा त्यानंतर लगेच, आणि 'किती वेळ चालली' हे मोजतात उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंत. आता आपली शिदोरी काढा. एक मिनिट ३०० ल्युमेन म्हणजे ५ ल्युमेन-तास गेले. पुढची ७९ मिनिटं ३२ ल्युमेन म्हणजे ४२ गेले. बेरीज ४७. शिदोरी ४८ ची. १० टक्क्यांची रेघ ३० वर, आपण ३२ वर. शंभर टक्के नियमात! तुम्ही विकत घेतली ती ३२ ल्युमेनची टॉर्च, जिला एक मिनिट अंगात येतं.

वाईट वाटून घेऊ नका, ३२ ल्युमेन पुष्कळ असतात. मेणबत्ती साधारण १२ ल्युमेन देते, तेही चौफेर विखुरलेले. शिवाय आपला डोळा प्रकाशाची बेरीज सरळ करत नाही. उजेड दुप्पट 'वाटायला' प्रकाश जवळजवळ आठपट करावा लागतो. १०० ची ३०० केली तर डोळ्याला दीडपटही वाटत नाही. बॅटरी मात्र तिप्पट वेगानं संपते.

म्हणूनच कीचेन टॉर्च हातात घेतल्यावर मी आधी तिचा सगळ्यात मंद उजेड बघतो. रात्री अडीच वाजता पाणी प्यायला उठलात, शेजारी लेकरू झोपलंय. अंधाराला सरावलेल्या डोळ्यातलं ऱ्होडॉप्सिन नावाचं रंगद्रव्य जमायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि तीनशे ल्युमेनचा एक झोत ते क्षणात उडवून लावतो. तिथं अर्धा-एक ल्युमेन पुरतो. टॉर्च नेहमी मंद उजेडावर सुरू व्हायला हवी. जी थेट प्रखरवर उघडते आणि मंदपर्यंत जायला चारदा बटण दाबायला लावते, ती करणाऱ्यानं रात्री कधी वापरून पाहिली नसावी. मंद उजेड दोन तऱ्हांनी करतात. एक, प्रवाहच कमी सोडायचा. दुसरी, पूर्ण प्रवाह सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करायचा. दुसरी स्वस्त पडते, पण काहींना डोकं दुखेपर्यंत लुकलुक जाणवते. ओळखायचं असेल तर बारीक धार सोडलेल्या नळावर उजेड टाका. थेंब हवेत थबकल्यासारखे सुटे सुटे दिसले की समजावं.

रंगाबद्दल कोणी विचारतच नाही, आणि इथं खरी निवड आहे. थंड पांढरा, म्हणजे ६५०० केल्विनच्या आसपासचा उजेड, आकड्यात जास्त ल्युमेन देतो. (केल्विन हे उजेडाच्या छटेचं माप; आकडा जितका कमी, तितका उजेड पिवळसर.) म्हणून कंपन्यांना तो आवडतो. पण निळ्या चिपवर पातळ लेप असलेल्या या प्रकाशात गडद लाल जवळजवळ नसतोच. सगळ्या तपकिरी छटा एका राखाडी रंगात मिसळतात. कोकणात जांभ्या दगडाच्या पाखाडीवरून रात्री उतरताना तांबूस-तपकिरी फुरसं वेगळं दिसायला हवं असेल, किंवा मीटरच्या पेटीत लाल आणि तपकिरी वायर ओळखायची असेल, तर ४००० केल्विनच्या आसपासचा आणि सीआरआय ९० च्या वर असलेला एलईडी घ्यावा. सीआरआय म्हणजे रंग कितपत खरे दिसतात याचा शंभरपैकी गुण. आपला जुना पिवळा बल्ब त्यात जवळपास शंभर मिळवायचा. चांगल्या सीआरआयसाठी थोडे ल्युमेन जातात. जाऊ द्यावेत.

झोत किती लांब जातो हा आकडा वाचताना एवढंच ध्यानात ठेवा, की त्याच मानकात 'शेवटचं अंतर' म्हणजे जिथं पाव लक्स उरतो ते. पाव लक्स म्हणजे स्वच्छ रात्री मोकळ्या माळावर पडणारं पौर्णिमेचं चांदणं. खोक्यावर ४० मीटर असेल तर कामाचं अंतर मी त्याचा तिसरा हिस्सा धरतो. पायाखाली बघायला तेवढं बास.

काही टॉर्चच्या कुशीला जांभळा, अतिनील दिवाही असतो. नोटा तपासायला म्हणून विकतात, पण त्याचा खरा उपयोग वेगळाच. विंचवाच्या कवचात अतिनील प्रकाश पडला की हिरवट-निळं चमकणारे पदार्थ असतात. लाकडाच्या ढिगावर, गोठ्यातल्या भिंतीवर हा उजेड फिरवला की विंचू लांबून पेटल्यासारखा दिसतो. कोकणातल्या लाल विंचवाचा दंश किती जिवावर बेततो, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं विंचूदंशावरच्या उपचारांचं काम माहीत असलेल्यांना सांगायला नको. स्वस्त दिवे ३९५ नॅनोमीटरचे असतात, त्यांचा जांभळा रंगच डोळ्यांवर येतो. ३६५ चा मिळाला तर बरा. डोळ्यांत मात्र कुणाच्याच मारू नये.

चार्जिंगचं एक गुपित. टाइप-सी पोर्ट आहे म्हणून खूश होऊन टॉर्च नव्या चार्जरला, दोन्हीकडे सी असलेल्या केबलनं जोडली आणि ती चार्जच झाली नाही, असं झालंय का? टॉर्च बिघडलेली नसते. "मी चार्ज होणारं उपकरण आहे" हे चार्जरला कळायला पोर्टमध्ये ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर लागतात. काही पैशांचे. तेवढेही वाचवणारे कारखाने आहेत. अशा टॉर्चला एका बाजूला जुनं, चौकोनी यूएसबी असलेली केबलच चालते. पोर्ट रबराच्या झाकणाखाली असेल तर ते झाकण सगळ्यात आधी तुटतं; आयपीएक्स-७ आहे का बघा, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकल्याची खात्री. आणि खिशात चुकून लागू नये म्हणून बटणाला कुलूप हवंच. तीनशे ल्युमेन पँटच्या खिशात लागले तर आधी चटका बसतो, मग कळतं. गाडीच्या डॅशबोर्डवर मे महिन्यात ठेवायची वस्तू तर ही नव्हेच.

नानांच्या प्रश्नाकडे परत येतो. एएए म्हणजे पेन्सिल शेलपेक्षा बारीक तो शेल. त्यातला रिचार्जेबल, निकेलवाला घेतला तर १.२ व्होल्ट आणि ८०० एमएएच, म्हणजे ०.९६ वॉट-तास. आपल्या रुपेरी पिशवीच्या दुप्पट! वजन बारा ग्रॅम, लांबी साडेचार सेंटिमीटर. संपला तर बाजारातल्या कुठल्याही किराणा दुकानात साधा मिळतो, आणि दोन वर्षांनी मेला तर टॉर्च फेकावी लागत नाही. (साधा अल्कलाइन शेल महिनोन्महिने आत विसरू नका, पाझरतो. त्याच आकाराचा ३.७ व्होल्टचा लिथियम शेलही मिळतो. टॉर्चवर तसं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर घालू नये, सर्किट जळतं.) मी शहरात राहतो, चार्जर सतत जवळ, माझ्या जुडग्यात पिशवीवालीच आहे. नानांना संक्रांतीला एका शेलची पाठवली.

शेतीची लाइन आठवड्याआड रात्रीची असते. मोटरच्या स्टार्टरशी दोन्ही हात गुंतलेले, तेव्हा नाना टॉर्च दातात धरतात. परवा फोन केला तर म्हणाले, धातू दाताला गार लागतो म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून तिच्यावर चढवलीय. "आता घसरतबी न्हाई," म्हणाले.